अनंतावरचा भुंगा

आमच्या घरात दोन भाषा नांदतात. माझे माहेर खानापूर तालुक्यातले, जांबोटीच्या पुढचे. घरची बोली मराठी. सासर धारवाडचे, तिथे कानडी. लग्नाला वीस वर्षे होत आली. सासूबाईंना मी अत्ती म्हणते, त्या मला कानडीत हाक मारतात आणि मी मराठीत उत्तर देते. दोघींनाही त्यात काही वेगळे वाटत नाही. सीमाभागातल्या कितीतरी घरांत हे असेच चाललेले आहे, ते वाचकांना मी सांगायला नको.

अशा घरात एकाच गोष्टीला दोन नावे असतात, आणि प्रत्येक नावाने ती गोष्ट जराशी निराळी दिसते. किड्यामुंग्यांचेच पाहा. मराठीत अळी वेगळी, सुरवंट वेगळा, किडा वेगळा आणि माशी वेगळी. कानडीत बहुतेकांची वर्णी 'हुळ' या एकाच शब्दात लागते. मधमाशी म्हणजे जेनुहुळ. अंगभर केस असलेला सुरवंट म्हणजे कंबळि हुळ, घोंगडी पांघरलेला किडा! मला हे नाव इतके आवडले, की सुरवंट हा शब्द आता आमच्या घरातून जवळजवळ हद्दपार झाला आहे. भुंग्याला कानडीत दुंबी म्हणतात. फुलपाखराला म्हैसूरकडे चिट्टे म्हणतात, पण धारवाडकडचा शब्द पातरगित्ती. द. रा. बेंद्रे यांनी त्याच शब्दावर लहान मुलांना पाठ असणारी कविता केली. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती, हे आमच्या घरात वादविवादाच्या वेळी कोणी ना कोणी हमखास काढतोच.

इतके शब्द असूनही एक जीव असा निघाला, की त्याला दोन्ही भाषांत धड नाव सापडेना. अळी असताना तो अत्तींचा शत्रू होता. पंख फुटल्यावर मुलीला तो भुंगा वाटला. प्रत्यक्षात तो होता पतंग. दिव्याभोवती फिरणारा मात्र नव्हे, भर उन्हात उडणारा, आणि पंख काचेसारखे आरपार.

आमच्या बेळगावच्या घरापुढे अत्तींनी लावलेला अनंत आहे. माझ्या लग्नाच्या वर्षी लावलेला, म्हणून त्याचे वय विचारावे लागत नाही. उन्हाळा संपता संपता त्याला पांढरीशुभ्र फुले येतात आणि सगळे अंगण वासाने भरून जाते. पहिले फूल देवाला, दुसरे अत्तींच्या अंबाड्यात, हा नियम. २०२१ च्या पावसाळ्यात एका सकाळी अत्तींची हाक आली, "गिडक्क हुळ बिद्दाव नोड!" झाडाला किडी पडल्या बघ. जाऊन पाहते तो शेंड्याकडची कोवळी पाने गायब. नुसते देठ उरलेले. अत्तींचा उपाय तयार होता, "एण्णी होडीबेकु." आमच्या भागातला शेतकरी कीटकनाशकाला 'एण्णी' म्हणजे तेल म्हणतो, तर मराठी शेतकरी त्यालाच 'औषध' म्हणतो. दोन्ही शब्द किती निरुपद्रवी! जे मारायला आणले त्याला एक तेल म्हणतो आणि दुसरा औषध.

फवारणीचा पंप शेजाऱ्यांकडून यायचा होता. तेवढ्या वेळात सातवीतल्या मुलीने झाडावरच्या अळ्या मोजल्या. अकरा निघाल्या. बोटाएवढ्या लांब, पानाच्याच रंगाच्या हिरव्यागार. दोन्ही अंगांनी डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेली एकेक फिकट रेघ, त्याखाली ओळीने तांबूस ठिपके आणि शेपटीवर एक वाकडे शिंग. ते ठिपके म्हणजे अळीची श्वास घेण्याची भोके. शिंग दिसते भयंकर, पण टोचत नाही, डसत नाही. त्याला हात लावून पाहिल्यावर मुलीची भीड चेपली. तिने दोन अळ्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातल्या, बरणीच्या तळाला चार बोटे माती घातली आणि तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा बांधला. शाळा तेव्हा नीटशी सुरू नव्हती, घरात बसून मुले कंटाळली होती. मीही नाही म्हटले नाही. अत्तींना सांगितले, "पंधरा दिवस थांबा, मग काय ते करा."

अळ्यांची भूक बघण्यासारखी असते. सकाळी घातलेली पाने संध्याकाळपर्यंत संपत. रात्री खोलीत शांतता झाली की बरणीतून पान कुरतडल्याचा बारीक आवाज येई. काही दिवसांनी दोघींचाही हिरवा रंग मळकट होऊन लालसर तपकिरी झाला. खाणे थांबले. मुलगी घाबरली, तिला वाटले आजारी पडल्या. पण त्या मातीत शिरल्या आणि पालापाचोळ्याखाली कोष करून बसल्या. अळी कोषात जाण्याआधी अंगणात सैरावैरा फिरते, ती जागा शोधत असते, हे मला नंतर कळले.

आमच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणारे एक सहकारी आहेत. मी मराठीची, ते विज्ञानाचे. आमच्या गप्पा एरवी परीक्षेच्या पाळ्या आणि संपाच्या नोटिसा यापुढे जात नाहीत. मोबाइलवर काढलेला अळीचा फोटो दाखवताच ते खुर्चीत सरसावून बसले. म्हणाले, "मॅडम, हा सेफॉनोडस हायलस. फवारू नका. पंख फुटायच्या दिवशी मला बोलवा."

त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे. फुलपाखरे आणि पतंग यांच्या एकत्रित गटाला शास्त्रात लेपिडॉप्टेरा म्हणतात. ग्रीक भाषेत लेपिस म्हणजे खवला आणि टेरॉन म्हणजे पंख. खवल्यांच्या पंखांचे ते. फुलपाखरू हातात धरले की बोटाला रंगीत पूड लागते, ते त्याचे खवले. कौलारू घरावर कौले असतात तसे ते एकावर एक रचलेले असतात. पंखांचा रंग म्हणजे या कौलांचा रंग. आमच्या बरणीतला पाहुणा याच गटातला, स्फिंजिडी नावाच्या कुळातला. या कुळातले पतंग अंगाने जाड, पंखांनी निमुळते आणि वेगाला फार तेज. इंग्रजीत त्यांना ससाण्याचे नाव दिले आहे. या जातीचे शास्त्रीय नामकरण लिनियसने १७७१ साली केले. आफ्रिकेतल्या नातलग जाती सोडल्या तरी भारत, श्रीलंका, चीन, जपानपर्यंत हिचा वावर आहे. कॉफीच्या मळ्यांतही हिची अळी आढळते, म्हणून कॉफीच्या नावानेही ती ओळखली जाते. कोडगू-चिक्कमगळूरच्या लोकांना ती आपल्यापेक्षा जास्त ओळखीची असेल.

कोष झाल्यापासून पंधराव्या दिवशी सकाळी पहिला पतंग बाहेर आला. सहकारी यायच्या आत! आम्ही बरणीत उभी करून ठेवलेली काडी धरून तो वर चढला आणि लटकला. पंख अगदीच आखूड, चुरगळलेल्या कागदासारखे. हळूहळू ते ताणले गेले. मुलीचा चेहरा मात्र उतरला, कारण पंख काचेचे नव्हतेच. राखाडी, धुरकट होते. "सरांनी खोटे सांगितले," ती म्हणाली. अत्ती खुर्ची ओढून बसल्या होत्या. तासाभराने पतंगाचे अंग थरथरू लागले. उडण्याआधी हे पतंग छातीचे स्नायू असे थरथरवून अंगात ऊब आणतात. थंडीत रिक्षा सुरू करताना दोनदा-तीनदा किक मारावी तसे. थरथर वाढली, पंखांचा नुसता धूसर पट्टा दिसू लागला आणि त्यातून बारीक राखाडी भुकटी उडाली. खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर ती सांडलेली स्पष्ट दिसत होती. पतंग वर उठला तेव्हा पंखांतून पलीकडची खिडकी दिसत होती. काळ्या शिरांची नक्षी तेवढी उरली, बाकी निव्वळ काच.

अत्ती काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पाप, इरली बिडु." कानडीत 'पाप' म्हणजे बिचारा. बिचारा, राहू दे त्याला. मराठीत याच शब्दाचा अर्थ काय होतो ते आठवून मी मनाशी हसले. त्या दिवसापासून पंपाचे नाव निघाले नाही.

ज्या गटाचे नावच खवल्यांवरून पडले, त्यातला हा जीव पहिल्या उड्डाणातच खवले झटकून टाकतो, याची मला अजून गंमत वाटते. खवले गेल्यावरही पंख नुसते पारदर्शक राहिले असते तर उन्हात खिडकीच्या काचेसारखे चमकले असते आणि पाखरांना लांबून दिसले असते. ते तसे चमकत नाहीत. १९९०च्या दशकात जपानमधल्या संशोधकांनी याच जातीचे पंख इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पंखाच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म उंचवट्यांची दाटी आढळली. एकेक उंचवटा माणसाच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही लहान. या उंचवट्यांमुळे प्रकाश परत फिरत नाही, पलीकडे निघून जातो. हे कळायला माणसाला सूक्ष्मदर्शक लागला. अनंताच्या झुडपावर ते केव्हापासूनच तयार आहे.

आता या सोंगाचे कारण. अंग जाड, हिरवट पिवळसर लवेचे, पोटावर गडद पट्टा, शेवटी पिसाऱ्यासारखा काळा केसांचा झुपका. पंख दिसत नाहीत, गुणगुण ऐकू येते. पाहणाऱ्याला वाटते भुंगा किंवा गांधीलमाशीच्या जातीचे काहीतरी. नांगी असणार म्हणून पक्षी आणि माणसे दोघेही दूर राहतात. नांगी तर नाहीच. निरुपद्रवी प्राण्याने उपद्रवी प्राण्याचे रूप घेऊन जीव वाचवावा, हा प्रकार हेन्री बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाने ॲमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून १८६२ साली मांडला. आपल्याकडे बहुरूपी पोलिसाचे सोंग घेऊन दारात येतो, तेव्हा क्षणभर आपणही चपापतोच की!

मराठी शिकवणाऱ्या बाईला इथे कीटक-भृंग न्याय आठवल्याशिवाय कसा राहील? भुंग्याने किड्याला मातीच्या घरात कोंडले, किडा भयाने त्याचेच ध्यान करीत राहिला आणि शेवटी स्वतः भुंगा होऊन बाहेर पडला, असा तो दृष्टांत. संतांनी तो भक्तीसाठी वापरला. त्यामागचे निरीक्षण खरे होते. कुंभारीण माशी मातीचे घर बांधते, त्यात अळ्या आणून ठेवते, तोंड लिंपते आणि काही दिवसांनी आतून कुंभारीणच बाहेर येते. पण ती अळीची बनलेली नसते. माशीने आत अंडे घातलेले असते, आणि अळ्या असतात तिच्या पिल्लाची शिदोरी. अत्तींना हे सांगितले तेव्हा त्यांनी अक्कमहादेवींच्या वचनातल्या रेशमाच्या किड्याचा दाखला दिला. आपल्याच धाग्याने घर करून त्यातच अडकणारा तो किडा. मराठीत भुंगा झालेला किडा, कानडीत घरात गुरफटलेला किडा. दोन्हीकडच्या संतांनी अंगणात नीट डोळे उघडून पाहिले होते एवढे खरे. मुलीने त्यावर टिप्पणी केली, "पण आपली अळी तर खरोखरच भुंगा झाली." तिला खोडून काढणे अवघड होते.

या सगळ्यात सहकाऱ्यांनी एक प्रश्न सोडून दिला होता. ते म्हणाले, "अनंत मूळचा चीन-जपानकडचा, आपल्याकडे बागेत आलेला. मग तो यायच्या आधी या अळ्या इथे काय खात होत्या?" उत्तरही त्यांनीच दिले. अनंत आणि कॉफी एकाच कुळातले. त्या कुळाची झाडे आपल्या पश्चिम घाटाच्या रानांत रगड आहेत. गेळा, डिकेमाली, पापडी, कळंब. "तुमच्या खानापूरच्या रानात जाऊन बघा. अंगणात येतो तो पाहुणा, घर त्याचे तिकडे."

याच रानांचा आणि या पतंगांचा एक जुना ऋणानुबंध आहे. टी. आर. बेल नावाचा आयरिश माणूस (१८६३-१९४८) वनखात्याच्या नोकरीत धारवाड-कारवार भागात आला. तेव्हा कारवारचा मुलूखही मुंबई इलाख्यात होता. जेम्स डेव्हिडसन आणि 'ईएचए' या सहीने लिहिणारे एडवर्ड एटकेन हे त्याचे दोन स्नेही. एक महसूल खात्यातला, दुसरा मिठाच्या आणि जकातीच्या खात्यातला. तिघांनी मिळून उत्तर कन्नडची फुलपाखरे अभ्यासली. त्यांची पद्धत माझ्या मुलीचीच होती. अळी आणायची, ती कोणते पान खाते ते पाहायचे आणि पंख फुटेपर्यंत सांभाळायची. १९३७ साली बेल आणि स्कॉट यांचा भारतातल्या या पतंगकुळावरचा जाडजूड ग्रंथ निघाला. तो आजही या विषयात आधाराचा मानतात. बेल निवृत्तीनंतर परत गेला नाही, कारवारलाच राहिला आणि तिथेच वारला. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात बसून एवढे काम झाले, आणि आमच्या शाळेच्या कुठल्याही पुस्तकात त्याची ओळ नव्हती.

२०२२ च्या दिवाळीनंतर माहेरी गेले ती हा प्रश्न डोक्यात घेऊन. आमचा तो भाग वाचकांनी पाहिला असेल. जांबोटी सोडली की रस्ता कणकुंबीकडे चढतो आणि पुढे चोर्ला घाटाने गोव्यात उतरतो. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला वळते आणि कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाते. त्याच तालुक्यात उगम पावणारी म्हादई पश्चिमेला जाऊन गोव्यात मांडवी होते. एकाच रानातले पाणी दोन समुद्रांना जाते. तालुक्यातले सुमारे १९० चौरस किलोमीटर जंगल २०११ साली भीमगड अभयारण्य म्हणून राखीव झाले. पण अभयारण्याच्या हद्दीबाहेर जे रान आहे, शेताच्या मागचे, ओहोळाकाठचे, उताऱ्यावर पडीक म्हणून लिहिलेले, त्याला कोणी वाली नाही. आमच्या घरामागे असेच दोन एकर दहा गुंठे आहे.

आणि नेमके तेच साफ करायचे ठरत होते. थोरले दादा शेती पाहतात. एक ठेकेदार जेसीबी लावून रान फुकट साफ करून देणार होता, लाकूडफाटा त्याचा; मग सगळीकडे काजू. भाची इंजिनिअरिंगला जायची होती. वडिलोपार्जित जमिनीत २००५ च्या कायद्याने मुलीचाही वाटा आला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी स्पष्ट केले, तेव्हापासून माझ्या सहीशिवाय काही होत नाही. दादांनी हक्कसोडपत्राचा मसुदा करून ठेवला होता. आजवर त्यांनी माझे माहेरपण कधी चुकवले नाही, तेव्हा सही मागण्यात त्यांचे काही चुकत होते असे मला वाटत नाही.

मी म्हटले, आधी रान एकदा बघून येऊ. दादा, वहिनी, मी, मुलगी आणि काकी. काकी सत्तरीच्या पुढच्या, पण त्या रानात आमच्या आधी चालत होत्या. गेळा त्यांनीच दाखवला. काटेरी, बुटका, पिवळट लिंबाएवढी फळे. हेच आयुर्वेदातले मदनफळ, ओकारी काढण्याचे औषध. पूर्वी ते ठेचून डोहात टाकत आणि गुंगलेले मासे वेचत. डिकेमालीच्या कोंभावर राळेचे पिवळे थेंब होते, हिंगासारख्या उग्र वासाचे. आमच्या पिढीतल्या प्रत्येक बाळाच्या पोटात ती राळ गेली आहे. कानडीत या झाडाला बिक्के म्हणतात, हे मला अत्तींकडून माहीत होते. काकींना ते सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली, जणू झाडाची सोयरीक कळली. मुलीचे डोळे मात्र पानांवर. पापडीच्या एका झुडपावर तिला शिंगवाली अळी सापडली, आमच्या बरणीतलीच. दहा-साडेदहाच्या उन्हात, ओहोळाच्या कडेच्या घाणेरीच्या फुलांवर पतंगही दिसला. बसत नव्हता. हवेत एका जागी तरंगत लांब सोंड फुलात घालायची, की पुढचे फूल. एका फुलावर दोन क्षणही नाही. दादा म्हणाले, "हा तर भुंगा. लहानपणापासून बघतो."

पतंग आहे म्हणून मुलीने त्यांना सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग माझ्याकडे वळून शांतपणे विचारले, "म्हणजे आता किड्यासाठी पोरीची फी थांबवायची का?"

या प्रश्नाला माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. हा पतंग जगातून नाहीसा होत चालला आहे असेही नाही. बेळगावच्या अनंतावर तो सुखाने जगतो. त्याच्यावाचून शेत पिकणार नाही असे म्हणणे खोटे झाले असते. लांब नळीच्या फुलांचे परागीकरण हे पतंग करतात हे खरे, पण दादांच्या वहीत त्याचा रकाना नाही. मी एवढेच म्हटले, की या रानाला आपण पडीक म्हणतो, पण इथे काहीच पडून नाही. बोलले ते काकींनी. त्या ओहोळाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्यो होळीपतुर व्हातो, त्यो ह्या रानामुळं. वरची झाडी गेली की पौषातच आटंल. मग खालचं वायंगण कशावर करणार?" पावसाळ्यानंतरचे भाताचे दुसरे पीक, ते वायंगण. दादांना पतंग पटला नव्हता, पाणी पटले. शेतकऱ्याला पटावे असेच ते होते.

तरी सगळे रान वाचले असे नाही. तीन दिवस घरात बोलणी चालली, एकदा आवाजही चढले, वहिनींनी दोन्ही वेळा जेवणे गरम करून ठेवली. शेवटी नव्वद गुंठ्यांपैकी साठ गुंठे काजूला द्यायचे आणि ओहोळाकडचे तीस गुंठे आहे तसे ठेवायचे, असे ठरले. त्या तीस गुंठ्यांवरचा हक्क मी सोडला नाही. बाकीच्यावर सही केली. भाचीच्या पहिल्या वर्षाच्या फीतला काही भाग मी आणि यजमानांनी उचलला. ते उपकार नव्हेत. त्या तीस गुंठ्यांतून जो काजू येणार नाही, त्याचा भार एकट्या दादांनी का सोसावा? रान राखा असे शहरातून सांगणे सोपे असते. राखण्याचा खर्च कोणीतरी गावात बसून भरत असतो.

पुढच्या मार्चमध्ये जेसीबी आला. मी गेले नव्हते. वहिनींनी फोनवर सांगितले, की चार दिवसांत उजेड पडला, घराच्या मागून आता थेट रस्ता दिसतो. त्या आवाजात आनंद होता की हुरहूर, मला ठरवता आले नाही. काजूची रोपे आता छातीएवढी झाली आहेत. भाची तिसऱ्या वर्षात आहे. ओहोळ गेल्या वर्षीही होळीपर्यंत वाहिला. दादा अजून त्या पतंगाला भुंगाच म्हणतात, पण ओहोळाकडची गेळी तोडायला आलेल्या एकाला त्यांनी परत पाठवले, असे काकींकडून कळले. मला त्यांनी स्वतःहून सांगितले नाही.

इकडे आमच्या अंगणात अत्तींनी आपली वाटणी केली आहे. वरच्या फांद्या देवाच्या, खालच्या हुळांच्या. वर चढलेली अळी त्या चमच्याने उचलून खाली ठेवतात. पाने खाल्ली तरी अनंत मरत नाही. अळ्या मातीत गेल्या की पंधरवड्यात नवी पालवी येते. यंदाही फुले आली, अंबाड्यात माळली गेली.

वाचकांपैकी अनेकांच्या दारात अनंत असेल, कुणाकडे कॉफीचे हौशी झाड असेल, गावाकडे बांधावर गेळा तर असेलच. पावसाळ्यात कोवळी पाने देठापर्यंत खाल्लेली दिसली, की फवारण्याआधी पान उलटून बघा. शिंग असलेली हिरवी अळी असेल तर घरातल्या मुलाला बोलवा आणि एक बरणी द्या. बरणीत माती हवी आणि चढायला काडी हवी. काडी नसेल तर पंख नीट उलगडत नाहीत. पतंग बघायचा असेल तर चांगले ऊन पडल्यावर घाणेरीच्या फुलांपाशी पाच मिनिटे उभे राहा. भुंग्यासारखा दिसणारा कोणी फुलावर न बसताच मध पिऊ लागला, तर तोच. डसत नाही, खुशाल जवळून बघा. आणि एवढे करा, की अनंताच्या बुडाशी पडलेला पालापाचोळा रोजच्या रोज झाडून जाळू नका. कोष त्याच्याखालीच असतो.